प्रादेशिक सीफूड विकास संघटना (अलास्का)

व्यावसायिक मच्छीमारांनी मतदान करून आपल्याच विक्रीवर कर लावून घ्यायचा आणि त्या पैशातून आपल्या भागातल्या मासळीचे नाव व प्रत वाढवायची, अशी अमेरिकेतील अलास्का राज्यातील व्यवस्था. तिचा कायदा 2004 मध्ये झाला. तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 2005 मध्ये स्थापन झालेली ब्रिस्टल बे येथील संघटना. एरवी एकाच पाण्यात एकमेकांच्या पुढे जाळे टाकायला धडपडणारे हे लोक इथे एका थैलीत पैसे घालतात.

ब्रिस्टल बे हा बेरिंग समुद्राचा पूर्वेकडील उपसागर. नकनेक, क्विजॅक, एगेगिक, उगाशिक, नुशागाक अशा नद्यांत अंडी घालण्यासाठी परतणाऱ्या सॉकाय जातीच्या लाल सॅमनचे जगातील सर्वांत मोठे थवे येथे येतात. 2022 मध्ये साडेसात कोटींहून अधिक मासे परतले. (आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण दोन्ही माशांचे कूळ वेगळे.) हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, खरा जोर जुलैच्या आरंभी. नौका 32 फुटांपेक्षा लांब चालत नाही. तरत्या जाळ्यांचे, म्हणजे आपल्या वावरीच्या जातीच्या जाळ्यांचे, सुमारे 1,800 परवाने असून हे परवानेधारकच संघटनेचे सभासद असतात.

संघटनेची गरज भावाच्या पडझडीतून निर्माण झाली. 1988 मध्ये मच्छीमाराला पौंडाला दोन डॉलरहून जास्त मिळत होते; 2001-02 च्या सुमारास तोच भाव 40 सेंटच्या आसपास आला. नॉर्वे आणि चिलीमधील पिंजऱ्यांत वाढवलेला सॅमन बारा महिने, एकसारखा आणि ताजा मिळू लागला होता. ब्रिस्टल बेचा मासा मात्र अनेक दशके डबाबंद होण्यासाठीच ओळखला जाई. डब्यात मासा शिजतो, त्यामुळे मार लागलेला भाग कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. गिऱ्हाईक साफ केलेला, काटे काढलेला तुकडा मागू लागले तेव्हा मांसातला प्रत्येक काळा-निळा डाग उघडा पडला.

हा डाग कारखान्यात पुसता येत नाही, कारण तो होडीवरच पडतो. जाळ्यातून सोडवताना मासा शेपटीला धरून उचलला की त्याच्या भाराने कण्याजवळच्या रक्तवाहिन्या फुटतात. तो डेकवर आपटला की मांस ठेचते. थंड न करता साठवला तर मांसाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून डेकवर मऊ चटया घालणे, मासा जिवंत असतानाच कल्ल्याजवळ चिरून रक्त काढणे, मासे साठवायच्या पिशवीत कमी वजन भरणे म्हणजे तळचा मासा चेपत नाही, आणि मुख्य म्हणजे बर्फ किंवा यंत्राने थंड केलेले समुद्रपाणी वापरणे, यांवर संघटनेने भर दिला. किनाऱ्यावर बर्फाची वानवा, म्हणून बर्फ पुरवणाऱ्या बार्जला (सपाट तळाच्या मालवाहू नौकेला) मदत केली. थंड माशाला खरेदीदार पौंडामागे जादा पैसे देऊ लागले, तेव्हा ही शिस्त चटकन रुजली. उपदेशाने जे होत नाही ते बोनसने होते. आज बहुतेक होड्या मासा थंड करूनच देतात.

करवसुलीची रीत पाहण्यासारखी आहे. कराचा दर सभासदांनी मतदानाने ठरवायचा. ब्रिस्टल बेने एक टक्का निवडला. मासे घेणारा कारखाना ती रक्कम कापून राज्याकडे भरतो. विशिष्ट कामासाठी कर बांधून ठेवायला अलास्काच्या संविधानात मनाई असल्याने, विधिमंडळ दरवर्षी तरतूद करून पैसा संघटनेकडे पाठवते.

नाव कमावण्याचा धडा अलास्कातल्याच कॉपर नदीच्या सॅमनने आधीच घालून दिला होता. 1980 च्या दशकात जॉन रोली या सल्लागाराने तेथील मच्छीमारांना मासा नीट हाताळून ताजा सिअ‍ॅटलच्या हॉटेलांत पाठवायला लावले. आज मे महिन्यात तेथील पहिला मासा विमानाने उतरतो ती बातमी होते. तेथेही अशीच प्रादेशिक संघटना आहे. ब्रिस्टल बेने 2016 मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर शहर निवडून दुकाने आणि उपाहारगृहांत आपले नाव लावून सॅमन विकण्याचा प्रयोग केला.

वादही झाले. ब्रिस्टल बेच्या नद्यांच्या उगमाजवळील प्रस्तावित पेबल या तांबे-सोन्याच्या खाणीविरुद्ध संघटनेने पैसा खर्च केला, त्याला आक्षेप घेत काही मच्छीमार 2019 मध्ये न्यायालयात गेले. दावा फेटाळला गेला. मासाच उरला नाही तर जाहिरात कशाची करायची, हा संघटनेचा युक्तिवाद रास्तच वाटतो. किनाऱ्याला जाळे बांधून मासेमारी करणारे मात्र हा कर भरत नाहीत, तरी वाढलेल्या नावाचा लाभ त्यांनाही मिळतो. सर्वांत मोठी अडचण कराच्या रचनेतच आहे: भाव पडतो तेव्हा निधीही आटतो, आणि जाहिरातीची गरज नेमकी तेव्हाच असते. 2023 मध्ये मूळ भाव पौंडाला 50 सेंटवर आला; म्हणजे पौंडामागे संघटनेच्या हाती अर्धा सेंट.