आहार नोंदवही

आहार नोंदवही : दिवसभरात पोटात गेलेला प्रत्येक पदार्थ, त्याचे प्रमाण आणि खाण्याची वेळ त्याच दिवशी लिहून ठेवण्याची वही. वजन कमी करायला निघालेल्यांना आहारतज्ज्ञ ती ठेवायला सांगतात. मधुमेहींना आणि ॲलर्जीचे मूळ शोधणाऱ्या रुग्णांनाही सांगतात. मुंबईत बोलताना तिला ‘फूड डायरी’ किंवा नुसते ‘डायरी’ म्हणतात. ती शंभरपानी वही असो, मोबाइलवरचे ॲप असो की स्वतःलाच पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज, नियम एकच : खाल्ले की लगेच लिहायचे. रात्री आठवून लिहिलेली वही ही आठवणींची वही होते.

जेवण आणि खाणे

मराठीत ‘जेवणे’ आणि ‘खाणे’ हे वेगळे शब्द आहेत आणि नोंदवहीची निम्मी अडचण या फरकातच आहे. ताट वाढून बसले की ते जेवण. दादर स्टेशनबाहेर (जिथे १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली असे मानले जाते) उभ्या उभ्या खाल्लेले दोन वडापाव म्हणजे जेवण नव्हे. ते खाऊन घरी आलेला माणूस ‘आज दुपारी जेवलोच नाही’ असे सांगतो आणि तो खोटे बोलत नसतो. खाण्याच्याही खाली पायऱ्या आहेत. आमटीत मीठ पडले का ते ‘बघणे’, येताजाता शेंगदाणे ‘तोंडात टाकणे’, मुलाच्या ताटातले ‘संपवणे’, सत्यनारायणाचा प्रसाद ‘घेणे’, कटिंग चहा ‘मारणे’. यातले काहीच बोलताना खाणे म्हणून मोजले जात नाही, म्हणून ते आठवतही नाही. वहीत मात्र या सगळ्यांना एकच रकाना असतो. प्रस्तुत नोंदकाराच्या मते वही चालते ती या एका कारणाने. बाकीचे आकडेमोडीचे शास्त्र त्यानंतर येते.

पूर्वपीठिका

इटलीतील पाडुआचा वैद्य सांतोरिओ याने सुमारे तीस वर्षे आपले अन्न, मलमूत्र आणि वजन तोलून ठेवले. त्यासाठी त्याने तराजूला टांगलेली खुर्ची तयार केली होती. त्याचा ग्रंथ १६१४ साली निघाला. अन्नातल्या उष्मांकांचा हिशोब एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी बसवला. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन म्हणजे ४ किलोकॅलरी (बोलताना नुसते ‘कॅलरी’) आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ म्हणजे ९, हे गुणक आजही तेच आहेत. १९१८ मध्ये लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंच्या पुस्तकाने कॅलरी मोजण्याचे वेड अमेरिकी घराघरांत नेले. वजन घटवण्याच्या उपचारात नोंदीला पक्की जागा मिळाली ती १९६० नंतर, वर्तनोपचारांबरोबर.

पुरावा काय सांगतो

अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १,७०० जण होते. जे रोज नोंद ठेवत होते त्यांचे वजन, अजिबात नोंद न ठेवणाऱ्यांच्या तुलनेत दुपटीच्या आसपास घटले. अर्थात जो रोज लिहितो तो बाकीचेही नेटाने करत असणार, त्यामुळे सगळे श्रेय वहीला देता येत नाही. २०१९ च्या दुसऱ्या एका अभ्यासात १४२ जणांनी सहा महिने ऑनलाइन नोंद ठेवली. सुरुवातीला त्यांना दिवसाला २३ मिनिटे लागत, शेवटी १५ मिनिटांहून थोडी कमी. किती बारकाईने लिहिले यापेक्षा दिवसातून किती वेळा लिहिले यावर फरक पडत होता.

उलट बाजूही पाहायला हवी. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी ‘काहीच खात नाही तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या दहा जणांची तपासणी केली. शरीराचा खरा ऊर्जाखर्च मोजल्यावर कळले की त्यांनी आपले खाणे सरासरी ४७ टक्के कमी सांगितले होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. त्यांची चयापचय क्रिया ठणठणीत होती. लबाडी हा शब्द इथे वापरू नये. आपल्याकडच्या ‘जेवलोच नाही’सारखाच हा प्रकार.

वाटी, पोळी आणि तेल

परदेशी डायरीत ‘ब्रेडचे दोन स्लाइस’ लिहिले की काम होते, कारण स्लाइस कारखान्यात कापलेला असतो. मराठी स्वयंपाकघरात ‘वाटीभर आमटी, दोन पोळ्या’ लिहिले तर त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. वाटी कोणती? एकाच घरात आमटीची, श्रीखंडाची आणि रुखवतात आलेली अशा तीन मापांच्या वाट्या असतात. यावर उपाय सोपा आहे आणि तो एकदाच करावा लागतो : रोजच्या वाटीत काठोकाठ पाणी भरून ते औषधाच्या किंवा केकच्या मापात ओतायचे. दीडशे मिलिलिटर निघाले तर तसे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचे आणि वाटी बदलायची नाही. भाताची मूद, पोहे वाढायचा डाव, साखरेचा चमचा यांचेही तसेच.

पोळीचे गणित आणखी फसवे. तीस ग्रॅम कणकेची पोळी म्हणजे साधारण १०० किलोकॅलरी. पण घडीच्या पोळीत पदराला तेल असते, वरून तूप लावले की आणखी वाढ. फुलक्यात यातले काही नसते. त्यामुळे ‘पोळी २’ या नोंदीचा अर्थ २०० ते ३०० मधला काहीही होऊ शकतो. पोळ्यांना बाई असतील तर त्या किती तेल लावतात हे मालकिणीला ठाऊक नसते, आणि विचारायची सोयही नसते.

तेल वहीत सहसा येतच नाही. ते कोणी ‘खात’ नाही, फोडणीला ‘घालतात’. कढईतले तेल प्रत्येकाच्या वाटणीला किती आले हे जेवताना मोजता येत नाही, म्हणून अनुभवी आहारतज्ज्ञ दुसरीकडून हात घालतात : महिन्याला तेल किती लागते? चार माणसांच्या घरात चार लिटर लागत असेल तर माणशी एक लिटर, म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. दिवसाला तीस ग्रॅम, २७० किलोकॅलरी. एक अख्खा वडापाव साधारण तेवढ्यातच बसतो. फरक एवढाच की वडापाव खाताना दिसतो. तेल निम्म्यावर आणले तर महिन्याला माणशी सुमारे ४,१०० किलोकॅलरी वाचतात. एक किलो चरबी म्हणजे ७,७०० किलोकॅलरी या ठोकताळ्याने कागदावर अर्धा किलो. प्रत्यक्षात वजन उतरते तसा शरीराचा खर्चही उतरतो, त्यामुळे हा वेग टिकत नाही. किराण्याची यादी ही म्हणूनच नोंदवहीची पुरवणी समजावी.

कटिंगचा हिशोबही एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. ऑफिसात दिवसाला पाच कटिंग, प्रत्येकीत दीड चमचा साखर धरली तर साडेसात चमचे, म्हणजे ३७ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहावी. ती मर्यादा चौथ्या कटिंगला ओलांडलेली असते.

एक पान

नमुन्यादाखल एक पान पुढे दिले आहे. भांडुपहून फोर्टला नोकरीला जाणाऱ्या, पन्नाशीच्या बाईंचे. पान कल्पित आहे, पण त्यात अतिशयोक्ती नाही.

५.५० चहा अर्धा कप, साखर १ चमचा
६.४० पोळी १, गूळतूप (उभ्यानेच)
८.२० ढोकळा २ तुकडे, लोकलमध्ये, ग्रुपमधल्या एकीचा वाढदिवस
११.०० कटिंग
१.१५ डबा : पोळ्या २, फरसबीची भाजी, ताक. शेजारणीची भरली वांगी, दोन घास
४.०० कटिंग, खारी १
७.३० चिवडा मूठभर (खोडून) दोन मुठी
९.१५ भात, आमटी, कोशिंबीर. पोळी नाही!
१०.०० उरलेला आमरस, पाव वाटी

नऊ नोंदींपैकी ‘जेवण’ म्हणावे अशा दोनच आहेत आणि त्या दोन्ही बेताच्या आहेत. बाईंना विचारले असते तर त्यांनी याच दोन सांगितल्या असत्या, आणि ‘रात्रीची पोळीसुद्धा सोडली’ हे वर. उद्गारचिन्ह त्याचेच आहे. पानावरची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ती खाडाखोड. ‘मूठभर’ लिहून झाल्यावर कोणाचाही धाक नसताना त्यांनी ‘दोन मुठी’ केले. वही उपयोगी पडू लागल्याची ही खूण समजायला हरकत नाही. वेळांचा रकानाही वाचावा. चार वाजता खारी, नंतर साडेसातपर्यंत काही नाही, मधे गर्दीची लोकल. घरात पाऊल टाकल्यावर कुकरच्या तीन शिट्या होईपर्यंत चिवड्याचा डबा उघडला जाणारच. इथे चिवडा बंद करा असे सांगून भागत नाही. साडेपाचला ऑफिस सोडताना पर्समध्ये केळे किंवा फुटाणे असले तर ती नोंद आपोआप एका मुठीवर येते.

डब्याची नोंद सर्वांत सोपी, कारण डब्याचे कप्पे ठरलेले असतात. १८९० पासून चालत आलेल्या डबेवाल्यांच्या या शहरात निदान दुपारचे माप तरी कायम असते. तरीही ‘दोन घास’ कोणाच्या तरी डब्यातून येतातच, आणि आपल्या डब्यातले गेलेले मात्र कोणी वजा करून लिहीत नाही.

पंचांग

मराठी घराला रोजची नोंद नवी नाही. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, इस्त्रीचे कपडे हे सगळे भिंतीवरच्या कालनिर्णयवर (सुरुवात १९७३) लिहिलेले असते. पुष्कळजणी वजनही त्याच चौकोनात लिहितात, आणि ही पद्धत चांगली आहे : शेजारी चतुर्थी, एकादशी छापलेली असल्याने आकडा का हलला ते लगेच दिसते. उपवास हा वजन उतरवण्याचा मार्ग आहे हा समज वहीपुढे टिकत नाही. पन्नास ग्रॅम साबुदाणा, पंचवीस ग्रॅम दाण्याचे कूट आणि दोन चमचे तूप एवढ्याने खिचडीची एक बशी ४०० किलोकॅलरींच्या पुढे जाते, आणि प्रथिने बहुतेक दाण्यांतूनच येतात.

गणपतीत वही बंद पडते. दहा दिवस राहू द्या, विसर्जनानंतर पुन्हा सुरू करू, असे म्हणणाऱ्यांची वही बहुधा दिवाळीनंतरही सुरू होत नाही. अशा दिवसांत प्रमाण न लिहिता नुसती नावे लिहावीत (मोदक, मोदक, शेजारच्यांकडे करंजी), इतपत सूट आहारतज्ज्ञ देतात.

वजन रोज एक-दीड किलोने मागेपुढे होते. लोणचे-पापडाच्या जेवणानंतर शरीरात पाणी साठते, त्याचा चरबीशी संबंध नसतो. म्हणून आठवड्यातून एकदा, सकाळी, रिकाम्या पोटी पाहिलेला आकडा धरावा. त्याशेजारी कंबरेचे माप असावे. भारतीयांच्या पोटाभोवती कमी वजनातही चरबी साठत असल्याने धोक्याची रेषा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात.

ॲप

ॲपमुळे बेरीज करण्याचा त्रास वाचला, पण ‘थालीपीठ’ शोधले की दहा उत्तरे येतात आणि दहाही वेगळी, कारण अनेक ॲपमध्ये पदार्थांची माहिती वापरणाऱ्यांनीच भरलेली असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांचे कोष्टक प्रसिद्ध केले. ते विश्वासार्ह आहे. मात्र त्यात मुख्यतः कच्चे जिन्नस आहेत. अळूवडीचा आकडा हवा असेल तर बेसन, चिंच, गूळ, तेल असे स्वतः मांडावे लागते. एकदा मांडून वहीच्या मागच्या पानावर ठेवले की वर्षभर पुरते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या ‘दोनदाच जेवा’ पद्धतीने चालणारे कॅलरी मोजत नाहीत. त्यांना घड्याळाची वही पुरते, आणि मधल्या चहाची नोंद तिथे जास्तच बोचते.

कोणी ठेवू नये

खाण्याच्या विकारातून गेलेल्यांना, किंवा आकड्याने अपराधी वाटून जेवण टाळू लागलेल्यांना ही वही अपाय करते. ती लगेच थांबवून डॉक्टरांना भेटावे. वाढत्या वयाच्या मुलांच्या हाती कॅलरीची वही देऊ नये. इन्शुलिन घेणाऱ्यांनी वहीत रक्तातल्या साखरेचे आकडेही लिहावेत आणि खाणे स्वतःच्या मनाने कमी करू नये.

आहारतज्ज्ञांची रीत

पहिल्या भेटीत सहसा तीन दिवसांची नोंद मागतात : दोन कामाचे दिवस आणि एक रविवार. रविवार नसला तर मटण आणि पुरी-श्रीखंड दोन्ही निसटतात. वही नसेल तर मागच्या चोवीस तासांचे खाणे विचारून घेतात. या पद्धतीत रुग्णाचे एकदा सांगून झाले की विसरलेल्या पदार्थांसाठी मुद्दाम दुसरी फेरी घेतात. परदेशी प्रश्नावलीत तिथे शीतपेये, बिस्किटे, चॉकलेट यांची यादी असते. मुंबईत यादी वाचून दाखवायची गरज नसते. ‘आणि मधे काही तोंडात टाकलंत?’ एवढे विचारले की समोरचा माणूस थोडा थांबतो, मग म्हणतो, ‘तसं काही नाही. म्हणजे, चहा झाला.’ आहारतज्ज्ञ पेन खाली ठेवत नाहीत.