चरबी काढून मागण्याआधी एवढं वाचा

रविवारी सकाळी आमच्या मटणाच्या दुकानापुढच्या रांगेतून हमखास येणारी मागणी : "चरबी सगळी काढून द्या." मग सोमवारी त्यांच्यातलाच कुणीतरी फोन करतो, "माळावरचं मटण म्हणता, पण चव काही वेगळी लागली नाही." लागणार कशी? चव आमच्या टोपलीत राहिली.

मेंढराचा खास वास मुख्यतः चरबीत असतो. जनावर काय चरलं याची खूणही तिथेच उतरते, कारण पाल्यातली वासाची बरीचशी द्रव्यं चरबीत विरघळतात. आमची मेंढरं माण-खटावच्या धनगरांकडून येतात. पावसाळ्यात ती कोवळ्या हिरव्या गवतावर असतात. त्या गवतातली प्रथिनं पोटात फुटताना स्कॅटोल नावाचं वासाचं द्रव्य तयार होतं, म्हणून श्रावण सुटल्यावरचं पहिलं मटण जरा उग्र लागतं. ते शिळं नसतं! दिवाळीनंतर बरेच कळप कोकणात उतरतात. जे इथे राहतात ते उन्हाळ्यात वाळलं गवत, बोरीचा पाला आणि बाभळीच्या शेंगांवर जगतात, तेव्हा हा उग्र वास कमी होतो. रानतुळस खाल्ली की मटण सुगंधी होतं का, असंही विचारतात. एकेका पाल्याचा वास ओळखू येईल, असा दावा आम्ही कधी केलेला नाही.

घरी एवढंच करा. पातेल्यात आधी चरबीचे तुकडे वितळवा, त्यावर हळद-मीठ लावलेलं मटण परता, मग गरम पाणी घाला. हिंडणाऱ्या जनावराचं मांस घट्ट असतं, शिट्ट्यांची घाई नको. आणि गरमच वाढा. ताटात निवलं की मेंढराची चरबी थिजते, टाळूला चिकटते. "वास मारतो" ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते.

वजन वाढवायला चरबी ठेवता, असा संशय काहींना असतो. किलोला ५० ग्रॅमच्या आसपास चरबी आम्ही ठेवतो, तीही तुमच्यासमोर तोलून. नको असेल तर तोडायच्या आधी सांगा. तुकडे झाल्यावर सांगितलं की एकेक तुकडा पुन्हा हातात घ्यावा लागतो आणि मागचे आमच्यावर चिडतात.

शनिवारी रात्री ८ पर्यंत कळवलंत तर मांडी-सीना हवा तसा बांधून ठेवू, चरबी वेगळ्या पुडीत देऊ. अळणी रश्श्याला नळ्या हव्या असतील तर तेव्हाच सांगा, रविवारी १० नंतर त्या उरत नाहीत.