टर्बो इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडावी?

गोव्यात टर्बो-पेट्रोल गाड्यांचा ‘रिमॅप’ (इंजिनाच्या संगणकातल्या टायमिंगच्या आणि बूस्टच्या नोंदी, म्हणजे ‘मॅप’, बदलणे) करून देणाऱ्या जाहिराती हल्ली फोनवर सर्रास फिरतात. त्यांतल्या बऱ्याच जाहिराती एक समजूत गृहीत धरून लिहिलेल्या असतात : टायमिंग जितके ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी जितकी आधी, तितकी ताकद जास्त. ही समजूत टर्बो (हवा दाबून सिलिंडरमध्ये भरणारे यंत्र) नसलेल्या जुन्या इंजिनांच्या बाबतीतही अर्धीच खरी होती. टर्बो इंजिनाच्या बाबतीत मात्र ती पिस्टन फोडू शकते.

चार स्ट्रोकच्या इंजिनाची शाळेतली आकृती आपल्याला आठवत असेल. तिच्यात पिस्टन वरच्या टोकाला पोचतो आणि मग ठिणगी पडते. प्रत्यक्षात ठिणगी त्याच्या आधीच पडावी लागते, कारण पेट्रोल आणि हवेचे मिश्रण एकदम पेट घेत नाही. प्लगजवळ एक लहानसा ज्वालेचा गोळा तयार होतो आणि तो साधारण सेकंदाला वीस मीटर या वेगाने सिलिंडरच्या भिंतींकडे पसरत जातो. सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर आणि प्लग मधोमध असेल, तर ज्वालेला भिंतीपर्यंत पोचायला सुमारे दोन मिलिसेकंद लागतात. ३,००० आरपीएमला तेवढ्या वेळात पिस्टनशी जोडलेला फिरता दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, ३६ अंश फिरलेला असतो. पिस्टनवरचा सर्वांत मोठा दाब तो वरचे टोक ओलांडून साधारण १५ अंश खाली आल्यावर यावा, तेव्हाच त्या दाबाचे सर्वाधिक टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, मिळते. हे जमायचे, तर ठिणगी वरच्या टोकाच्या वीसेक अंश आधी पडायला हवी. फार आधी पडली, तर वर येणाऱ्या पिस्टनलाच दाब उलटा ढकलतो. जुन्या बुलेटची किक ज्यांच्या पोटरीवर उलटी बसली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

टायमिंग आणि टॉर्क यांचा आलेख एखाद्या सपाट माथ्याच्या टेकडीसारखा असतो. माथ्याच्या आसपास दोन-तीन अंश मागेपुढे झाले, तरी टॉर्क जेमतेम एखाद्या टक्क्याने बदलतो. म्हणूनच अनुभवी ट्यूनर माथ्यावर पोचवणारे कमीत कमी ॲडव्हान्स शोधतो आणि त्याच्या पुढे जात नाही, कारण पुढे ताकद मिळत नाही, मिळतो तो फक्त धोका.

हा धोका म्हणजे नॉकिंग. ज्वाला पसरत असताना जळून प्रसरण पावलेला वायू पुढच्या, अजून न जळलेल्या मिश्रणाला भिंतीकडे दाबत जातो. या कोपऱ्यात सापडलेल्या शेवटच्या मिश्रणाचे तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि ठिणगीचा स्पर्शही न होता त्याच्यात रासायनिक घडामोडी सुरू होतात. ऑक्सिजन इंधनाच्या रेणूला चिकटतो, पेरॉक्साइडे तयार होतात, ती फुटून एका क्रियाशील तुकड्याचे दोन होतात, दोनाचे चार होतात, आणि पुरेसा वेळ मिळाला, तर उरलेले सगळे मिश्रण एकाच क्षणी पेटते. म्हणजे ही ज्वाला आणि रसायन यांच्यातली शर्यत आहे : ज्वाला आधी पोचली तर सर्व सुरळीत, रसायन आधी पिकले तर नॉकिंग. सरळ साखळीचा हेप्टेनचा रेणू यात लवकर फुटतो, तर फांद्या असलेला आयसो-ऑक्टेनचा रेणू दीर्घकाळ तग धरतो. ऑक्टेन क्रमांकाच्या मोजपट्टीवर पहिल्याला ० आणि दुसऱ्याला १०० गुण याच कारणाने मिळाले आहेत.

या पिकण्याचा हिशेब मांडण्याची रीत १९५५ साली लिव्हेनगुड आणि वू यांनी दिली. दर क्षणाचा दाब आणि तापमान घ्यायचे, त्या स्थितीत मिश्रण आपोआप पेटायला किती वेळ लागला असता ते काढायचे, आणि त्या वेळेचा कितवा भाग त्या क्षणात खर्च झाला याची बेरीज करत जायचे. बेरीज एक झाली की स्फोट. १९७८ साली दूओ आणि एझा यांनी यासाठी जे सूत्र दिले, त्यात दाबाचा घातांक उणे १.७ आहे, म्हणजे दाब दुप्पट झाला, की पेटायला लागणारा वेळ तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरतो. तापमानाचा प्रभावही मोठा आहे : ८०० केल्व्हिनला असलेले मिश्रण ५० अंशांनी अधिक तापले, तर हा वेळ सुमारे एक चतुर्थांशाने घटतो. हा परिच्छेद रुक्ष वाटला असेल, पण पुढचे सगळे याच दोन आकड्यांतून निघते.

टर्बो नेमक्या याच दोन गोष्टी वाढवतो. टर्बोने वाढवलेल्या दाबाला बूस्ट म्हणतात; एक बार बूस्ट म्हणजे वातावरणाच्या दुप्पट दाब. ३० अंश सेल्सिअसची हवा इतकी दाबली, की आदर्श स्थितीतही ती ९५ अंशांच्या आसपास तापते आणि प्रत्यक्षातल्या कॉम्प्रेसरमध्ये १२० च्या घरात जाते. इंटरकूलर त्यातली बरीच उष्णता काढून घेतो, पण सगळी नाही. आणि सिलिंडरमध्ये शिरताना हवा जितके अंश जास्त गरम असेल, त्याच्या दोन-अडीच पट फरक दाबाखाली कोपऱ्यातल्या मिश्रणात दिसतो. त्यामुळे हलक्या पायाने महामार्गावर जाताना जे इंजिन ३० अंशांहून जास्त ॲडव्हान्स सहज चालवते, त्यालाच कमी आरपीएमवर पूर्ण बूस्ट दिला की दहाच्या खाली, कधी शून्याजवळ यावे लागते. टॉर्कच्या टेकडीचा माथा लांबच राहतो. नॉकिंगची सीमा अलीकडेच आडवी येते. ‘एका पीएसआय (दाबाचे एकक) बूस्टला एक अंश मागे’ हा ट्यूनरांचा ठोकताळा ढोबळ आहे, पण त्याची दिशा बरोबर आहे. फार मागे येण्याचीही किंमत असते : मिश्रण उशिरा जळते, एक्झॉस्ट तापतो, आणि टर्बाइनला साधारण ९५० अंशांच्या पलीकडचे तापमान फार काळ सोसत नाही.

नॉकिंग झाले की सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा भिंतीवरून भिंतीवर आपटतात. ७५ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ९५० मीटर धरला, तर या लाटांची वारंवारता सात हजार हर्ट्झच्या थोडी वर येते. इंजिन ब्लॉकवर बोल्टने घट्ट बसवलेला नॉक सेन्सर हाच सूर ऐकतो, तोही प्रत्येक सिलिंडरमध्ये मिश्रण जळते त्या ठरावीक काही अंशांपुरताच, म्हणजे व्हॉल्व्ह बसल्याच्या आवाजाने त्याची फसगत होत नाही. सूर ऐकू आला, की संगणक टायमिंग झटकन काही अंश मागे घेतो आणि मग सावकाश पुढे सरकवतो. या लाटा पिस्टनच्या माथ्यावरचा स्थिर वायूचा पातळ थर खरवडून काढतात आणि उष्णता थेट ॲल्युमिनियमला भिडते. प्लग काढून भिंगाखाली पाहिल्यास पांढऱ्या पोर्सेलिनवर बारीक काळे आणि चकाकणारे ठिपके दिसले, तर चकाकणारे ठिपके बहुधा पिस्टनचेच असतात.

आता गोव्याच्या हवेबद्दल. पावसाळ्यात हवा दमट असते म्हणून इंजिन मऊ चालते, असे इथे पुष्कळदा ऐकू येते. बाष्पामुळे ज्वलन मंदावते आणि नॉकिंग कमी होते, हे खरे आहे. पण मे महिन्यातल्या दुपारी, ३३ अंशांना, किनाऱ्यावरच्या एक किलो हवेत बाष्प २० ते २२ ग्रॅम असते आणि जुलैतही जवळपास तेवढेच. फरक पडतो तो तापमानामुळे. खरी परीक्षा होते ती मार्चमध्ये चोर्ला घाट चढून बेळगावकडे जाताना. तिथल्या दुपारी हवेतले बाष्प किनाऱ्यावरच्या निम्म्याहून कमी भरते, वातावरणाचा दाब सुमारे आठ टक्क्यांनी उतरतो, आणि सिलिंडरमध्ये तोच दाब राखण्यासाठी टर्बो अधिक वेगाने फिरून हवा अधिक तापवतो. पणजीत ऑगस्टच्या रात्री नीट बसवलेला मॅप तिथे बिनतक्रार चालेलच, असे समजू नये.

बाजारात याच्यावरही तोडगे मिळतात. पेट्रोलच्या पाइपला बांधायचे चुंबक हा त्यांतला एक. पेट्रोलच्या रेणूवर चुंबकाचा असा काही परिणाम होत नाही, की तो ज्वलनात मोजता यावा, आणि डॅशबोर्डवरच्या लिंबू-मिरचीइतकाच त्याचा उपयोग आहे. इथेनॉलचे मात्र तसे नाही. त्याचा ऑक्टेन क्रमांक १०० च्या वर आहे आणि त्याचे बाष्पीभवन होताना तेवढ्याच वजनाच्या पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषली जाते. मात्र लिटरमागे त्याच्यात ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल नॉकिंगला कडवे असले, तरी मायलेजची तूट तो कडवेपणा टायमिंगमध्ये वापरणारे इंजिनच थोडीफार भरून काढते.

रिमॅप करूनच घ्यायचा असेल, तर डायनोवरचा (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा) ताकदीचा आलेख पाहून समाधान मानू नये. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये, पूर्ण थ्रॉटलवर, कडक उन्हात घेतलेला लॉग, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली नोंद, मागावा. त्यात इंटरकूलरनंतरचे हवेचे तापमान आणि प्रत्येक सिलिंडरचे टायमिंग संगणकाने किती अंश मागे घेतले, हे दोन रकाने असतात. एखाद्या सिलिंडरपुढे अधूनमधून एखादा अंश दिसणे स्वाभाविक आहे. सगळ्या सिलिंडरांपुढे सलग चार-पाच अंश दिसत असतील, तर मॅप पेट्रोलला न झेपणारे टायमिंग मागत आहे आणि सेन्सर कसेबसे इंजिन वाचवतो आहे.

एका प्रकारात मात्र सेन्सरही हतबल ठरतो. लहान टर्बो इंजिनात १,५००-२,००० आरपीएमला मोठा बूस्ट मागितला, तर सिलिंडरच्या भिंतीवरून उडालेला तेल-पेट्रोलचा थेंब ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतो आणि त्यातून उठणारा दाब साध्या नॉकिंगच्या कितीतरी पट असतो. इथे टायमिंग मागे घेऊन काही साधत नाही, कारण ठिणगीची वाट कोणी पाहिलेलीच नसते. तेलातले कॅल्शियमयुक्त डिटर्जंट याला हातभार लावतात, असे दिसल्यावर तेलांची मानके बदलली. २०२० साली आलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी दर्जाच्या तेलाला यासाठीची चाचणी पार करावी लागते. तेव्हा डब्यावर हा दर्जा पाहून तेल घालावे, आणि अनमोडच्या चढावर पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर तळाशी दाबण्याऐवजी दोन गिअर खाली यावे.