फोटो काळा आला की आयएसओ कशाला वाढवता?

"फोटो काळे येतायत." "मग आयएसओ वाढव ना!" हा सल्ला ऐकून माझे कान किटलेत. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती चटकन दाद देतो त्याचा आकडा, हे सगळ्यांना माहीत असतं, ते जास्त समजावत बसत नाही. घोळ आहे तो आयएसओ आणि प्लस-मायनसचं बटण, म्हणजे 'तू ठरवलंस त्यापेक्षा फोटो उजळ कर किंवा गडद कर' असं कॅमेऱ्याला सांगणारं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, यांच्यात.

दिवे घाटातली वारी घ्या. वर पांढरंफटक पावसाळी आभाळ, खाली फ्रेमभर सदरे नि टोप्या. कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर, म्हणजे लेन्सचं छिद्र (एफचा आकडा) आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेऱ्याने. एफ/8, आयएसओ 400. मीटरने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडमापकाने, शटर दिलं 1/500 सेकंद. फोटोत सदरे मळखाऊ, चेहरे काळवंडलेले. कॅमेरा बिघडलेला नाही. मीटरला सदरा कळत नाही. समोर काहीही असो, ते मधल्या राखाडीवर आणून ठेवायचं, एवढंच त्याला येतं.

आता आयएसओ 800 करा. शटर होईल 1/1000. फोटो? तितकाच काळपट. 1600 केलात तर शटर 1/2000, फोटो पुन्हा तोच, वर रवा भुरभुरल्यासारखे दाणे. किती उजेड पुरे हे मीटर ठरवतं, आणि त्याचं मत तुम्ही बदललेलंच नाही. तुम्ही एका हाताने दिलंत, त्याने दुसऱ्या हाताने काढून घेतलं. त्याऐवजी आयएसओ 400 वरच राहू द्या आणि +1 द्या, म्हणजे दुप्पट उजेड. शटर 1/250 वर उतरतं, सदरा पांढरा होतो. एवढं पांढरं समोर असेल तर मी +1.7 पर्यंत बेधडक जातो.

मॅन्युअलवर, म्हणजे छिद्र नि शटर दोन्ही आपणच ठरवतो तेव्हा, उलटं. तिथे ऑटो आयएसओ बंद असेल तर आयएसओ वाढवला की फोटो खरोखर उजळतो. प्लस-मायनसने बहुतेक कॅमेऱ्यांत नुसता मीटरचा काटा सरकतो.

आयएसओवाल्यांचं म्हणणं खरं ठरतं ती एक जागा मात्र आहे. संध्याकाळचं मंगल कार्यालय, शटर प्रायॉरिटीवर (शटर आपलं, छिद्र कॅमेऱ्याचं) 1/500, आणि कॅमेऱ्यासोबत मिळालेली किट लेन्स झूम केल्यावर एफ/5.6 पलीकडे उघडत नाही. एफचा आकडा लुकलुकायला लागतो. कॅमेऱ्याकडे द्यायला उजेडच उरलेला नसतो, तिथे +2 देऊनही ढिम्म फरक पडत नाही. खुशाल आयएसओ वाढवा, नाहीतर शटर उतरवा.

फ्लॅशचं प्लस-मायनस वेगळं असतं, त्यावर विजेची खूण असते. आणि उन्हात स्क्रीन काळी दिसते म्हणून फोटोला नावं ठेवू नका, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघा.

आता माझा खास राग. बऱ्याच कॅमेऱ्यांत हे कॉम्पेन्सेशन कॅमेरा बंद केला तरी तसंच राहतं. भाच्याने एकदा माझा कॅमेरा सूर्यास्तासाठी नेला आणि −1.3 वर ठेवून परत दिला. पुढचा आठवडाभर मी लेन्स पुसत होतो.