जीवशास्त्राधारित उद्योगांची निधी-उभारणी (नाशिक)

औषधे, निदानसंच, वैद्यकीय उपकरणे किंवा जैविक कीडनाशके तयार करणाऱ्या नवउद्योगांना विक्री सुरू होण्याआधी काही वर्षे पदरचा पैसा घालावा लागतो. ती वर्षे निभावण्यासाठी अनुदान आणि साहस भांडवल (जोखमीच्या नव्या कंपनीत गुंतवलेला पैसा) मिळवणे म्हणजे ही निधी-उभारणी. अनुदान फेडावे लागत नाही आणि त्यासाठी सहसा कंपनीतला हिस्साही द्यावा लागत नाही. हिशेब मात्र टप्प्याटप्प्याने चोख द्यावा लागतो. साहस भांडवलदार हिस्सा घेतो. त्याचा फंडही ठरावीक मुदतीचा असल्याने हिस्सा विकून बाहेर कधी पडता येईल, हे तो पहिल्याच बैठकीत विचारतो.

अंबड, सातपूर, सिन्नर या पट्ट्यात औषधनिर्मिती आहे, १९९८ साली स्थापन झालेले आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे आणि दिंडोरी-निफाडची द्राक्षे तर जगभर जातात. तरीही निधीसाठी नाशिककरांना बहुधा पुणे-मुंबई गाठावी लागते.

सुरुवातीच्या पैशाचा मोठा आधार म्हणजे बायरॅक. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ साली ही संस्था उभी केली. तिच्या ‘बिग’ योजनेत कल्पना सिद्ध करण्यासाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. कामाची मुदत १८ महिने. नाशिकहून या योजनेचे सर्वांत सोयीचे भागीदार केंद्र म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातले व्हेंचर सेंटर. २०२१ साली सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया बीजनिधी योजनेत इन्क्युबेटरमार्फत (नवउद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रामार्फत) २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे कंपनीतल्या हिश्श्यात बदलता येणाऱ्या) रोख्यांची तरतूद ठेवली गेली.

अर्ज करताना रकमेइतकेच कॅलेंडरही पाहावे. द्राक्षावरच्या केवडा या बुरशीजन्य रोगासाठी जैविक औषध बनवणाऱ्याचे उदाहरण घ्या. पानावर तेलकट डाग पडतो, पान उलटले की पांढरी बुरशी दिसते. औषध लागू पडते की नाही, हे ऑक्टोबर छाटणीनंतरच कळते, पोंगा अवस्थेपासून (डोळे फुटू लागल्यापासून) फुलोऱ्यापर्यंतच्या काही आठवड्यांत. अनुदानाचा हप्ता डिसेंबरात जमा झाला, तर तोवर बाग त्या अवस्थेच्या पुढे गेलेली असते. पुढच्या छाटणीची वाट पाहता पाहता १८ महिन्यांतले बरेचसे हातचे जातात, प्रयोगशाळेतल्या मुलांचे पगार मात्र चालूच राहतात. म्हणून टप्पे छाटणीला बांधून मागावेत आणि रोपवाटिकेत किंवा शेडमध्ये होणारे काम आधीच्या महिन्यांत ठेवावे. परीक्षकांना हे समजावून सांगावे लागते, आणि सांगितलेच पाहिजे.

पुढे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालची नोंदणी येते. परिणामकारकता आणि विषारीपणाच्या चाचण्यांचा खर्च पहिल्या अनुदानात क्वचितच बसतो. वैद्यकीय उपकरणांना २०१७ चे नियम लागू होतात. रुग्णांवर चाचणी करायची तर नीतिसमितीची मंजुरीही लागते. अनुदान संपलेले, विक्री सुरू नाही आणि भांडवलदार नोंदणीची वाट पाहतोय, अशा या मधल्या खिंडीत चांगली कामे अडकून पडतात. मालक हिस्सा मातीमोल देऊन बसतो तोही इथेच. त्यामुळे पुढच्या निधीची बोलणी पहिला निधी हातात असतानाच सुरू करावीत.

नाशिकच्या शेतीभोवती मोठे भांडवल येऊ शकते, हे मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने २०२२ साली सुमारे ३१० कोटी रुपयांची परदेशी गुंतवणूक मिळवून दाखवले. तो उद्योग फळप्रक्रिया आणि निर्यातीचा आहे, तिथे माल दर हंगामात विकला जातो. प्रयोगशाळेतून निघणाऱ्या उत्पादनाला तेवढा धीर धरणारा गुंतवणूकदार अजून शोधावा लागतो.