छायाचित्राचे चित्र आणि छायाचित्रावरून काढलेले व्यक्तिचित्र

फोटो समोर ठेवून अ‍ॅक्रिलिकमध्ये चेहरा रंगवू लागलेल्या बहुतेकांच्या मनात एक प्रश्न असतो: फोटोवरून काढलेले चित्र म्हणजे नक्कलच नव्हे का? या प्रश्नात दोन निराळी कामे एकमेकांत मिसळलेली आहेत. छायाचित्राचेच चित्र काढणे हे एक काम, आणि छायाचित्राच्या आधाराने माणसाचे चित्र काढणे हे दुसरे. दोन्हींत समोर फोटोच असतो, चौकोनांची जाळी आखून रेखाटन कॅनव्हासवर उतरवण्याची रीतही बहुधा तीच असते, त्यामुळे ती सहज एक वाटतात. रंगवताना शंका आली की चित्रकार कोणाला प्रमाण मानतो, फोटोला की माणसाला, एवढ्यावरून ती वेगळी ओळखता येतात.

पहिल्या कामाचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकी चित्रकार चक क्लोज यांचे १९६७-६८मधील ‘बिग सेल्फ-पोर्ट्रेट’. स्वतःच्या कृष्णधवल फोटोवर जाळी आखून त्यांनी तो चेहरा सुमारे पावणेतीन मीटर उंचीच्या कॅनव्हासवर, पातळ केलेल्या काळ्या अ‍ॅक्रिलिकने उतरवला; उजळ भागांसाठी कॅनव्हासचा पांढरा पायाच वापरला. भिंगाच्या नेमक्या टप्प्यात न आलेले भाग त्यांनी धूसरच ठेवले. माणसाच्या चेहऱ्यात अशी धूसरता नसते, ती फोटोत असते, आणि क्लोज यांचा विषय फोटो कसा पाहतो हाच होता. म्हणून या चित्राला नक्कल म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांचे १९७२मधील ‘पोर्ट्रेट ऑफ अ‍ॅन आर्टिस्ट’ हेही अ‍ॅक्रिलिकच, आणि तेही फोटोंवरूनच. स्टुडिओच्या जमिनीवर दोन असंबद्ध फोटो शेजारी पडलेले पाहून त्यांना कल्पना सुचली. कित्येक महिने खपून केलेली पहिली आवृत्ती त्यांनी सोडून दिली. मग दक्षिण फ्रान्समधील एका पोहण्याच्या तलावाचे पुष्कळ फोटो काढले, आणि चित्रात काठावर उभे दिसणारे त्यांचे पूर्वीचे जोडीदार पीटर श्लेसिंजर यांचे फोटो गुलाबी जाकिटात, लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये वेगळे घेतले. चित्रातला तो क्षण कोणत्याही एका फोटोत नाही. प्रत्येक फोटोकडून हवे तेवढेच मागितले गेले.

घरी काम करणाऱ्याची अडचण या दोहोंच्या मध्ये होते. त्याला माणूस काढायचा असतो, पण हात फोटोचे ऐकत राहतो, आणि कॅमेऱ्याचे दोष त्या माणसाच्या माथी बसतात. मोबाइल हातभर अंतरावर धरून घेतलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे सरकलेले दिसतात. दीड-दोन मीटरवरून घेतलेल्या फोटोत हे प्रमाण बरेच सुधारते. सावलीचा भाग फोटोत सपाट काळा होतो, उलट कपाळावरचा उजेड निव्वळ पांढरा पडतो. प्रत्यक्षात मात्र हनुवटीखालच्या सावलीतही सदऱ्यावरून परतलेला उजेड असतो. तिथे ट्यूबमधला काळा रंग लावण्यापेक्षा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) यांच्या मिश्रणाचा गडद रंग मला नेहमी अधिक खरा वाटला आहे, कारण तो हवा तसा उबदार किंवा थंड करता येतो.

अ‍ॅक्रिलिकचा स्वभावही इथे आड येतो. ओला असताना त्यातला बंधक, म्हणजे रंगकण धरून ठेवणारा द्रव, दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, म्हणून रंग वाळताना थोडा गडद होतो. फोटोशी ओला रंग ताडून पाहणाऱ्याचा गाल दुसऱ्या दिवशी काळवंडलेला दिसतो. मिश्रणाचा ठिपका कागदावर वाळवून मग ताडावा. गालाची वळणे मऊ हवी असतील तर ओल्यात ओले मिसळण्याची घाई करण्यापेक्षा मीडियममध्ये (रंगात मिसळायच्या पारदर्शक द्रवात) पातळ केलेले पारदर्शक थर एकावर एक द्यावेत.

चित्र सर्जनशील करायचे म्हणून गालावर जांभळा किंवा हिरवा लावायला काहीच हरकत नाही. मात्र गडद-फिक्याचा क्रम ढळता कामा नये. तो टिकला तर हिरव्या चेहऱ्यातही माणूस ओळखू येतो.

दिवंगत आजोबांच्या एकाच जुन्या पासपोर्ट फोटोवरून चित्र काढून द्या, असे अनेकदा सांगितले जाते. दुसरा फोटो नाही म्हणून त्या फोटोचेच मोठे चित्र करून देणे सोपे असते. पण ज्यांनी त्यांना पाहिले आहे त्यांच्याशी अर्धा तास बोलावे: वर्ण गव्हाळ होता की सावळा, एक भुवई नेहमीच वर असायची की फोटोपुरती, ओठ असे आवळलेले का आहेत. फ्लॅशने उडालेली कपाळावरची आठी अशा वेळी कोणीतरी बोटाने दाखवून देते, आणि ती मग रॉ अंबर या मातकट तपकिरी रंगाच्या एका पातळ थराने परत आणता येते.