शेक शिबिरात देता येत नाही

"डॉक्टर, रविवारी सुरगाण्याला कॅम्प ठेवलाय, तुम्ही आलात तर बरं होईल." रेडिएशनच्या डॉक्टरांना नाशिकमध्ये असे फोन येतात. बोलावणाऱ्याच्या डोळ्यासमोर असतं मोतीबिंदूचं शिबिर: तपासलं, ऑपरेशन केलं, पट्टी बांधली, झालं. कॅन्सरच्या शेकाचं, म्हणजे रेडिएशनचं, तसं नसतं. शिबिराला जाणं आणि शेक देणाऱ्या केंद्राला हात देणं, दोन्हीला आपण 'सेवा'च म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. (कधी कधी तर बोलावणं चुकून सोनोग्राफी-एक्सरे वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला जातं. तो वेगळा डॉक्टर.)

शिबिरात काय होतं? टॉर्च मारून तोंड बघायचं. मिश्री-तंबाखूवाल्याच्या गालात पांढरा चट्टा दिसतो, कुणाचं तोंड तीन बोटंही उघडत नाही. बायकांच्या स्तनात गाठ आहे का, बघायचं. काम मोलाचं आहे, पण त्यासाठी रेडिएशनचाच तज्ज्ञ लागतो असं नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात गर्भाशयमुखाला ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणी थोडं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य सेविकांनीच केली. त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं.

तज्ज्ञाचं खरं कसब लागतं ते पुढे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला सोमवार ते शुक्रवार, साधारण २५ शेक म्हणजे पाच आठवडे, मग ब्रेकीथेरपी, म्हणजे आतून दिलेला शेक, आणि हे सगळं आठ आठवड्यांत संपवायचं. मध्येच खंड पडला तर गाठीतल्या उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. यंत्र जाड काँक्रीटच्या खोलीत असतं, त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. डोस किती बसतो ते फिजिसिस्ट मोजतो, रोज पेशंटला नेमकं त्याच जागी झोपवतो तो टेक्नॉलॉजिस्ट. पेठकडच्या एका आजींच्या पोटावर शाईच्या खुणा केल्या होत्या. "पुसू नका," असं सांगूनही सुनेने न्हाऊ घालताना प्रेमाने घासून काढल्या, आणि सगळं मोजमाप नव्याने करावं लागलं. हे शिबिरात कसं जमणार?

म्हणून तज्ज्ञाला वेळ द्यायचा असेल तर तो असा द्यावा: संध्याकाळी दोन तास दुसऱ्या केंद्राच्या सीटी स्कॅनवर गाठीची हद्द आखून द्यायची, त्यांच्या शेकाच्या योजना तपासायच्या, नव्या डॉक्टरांना शिकवायचं. यासाठी गाडीही लागत नाही. परदेशातला मराठी डॉक्टर 'दोन आठवडे येतो, पेशंट बघतो' म्हणाला, तरी परवानगी आणि नोंदणीशिवाय त्याला इथे उपचार करता येत नाहीत. शिकवायला मात्र तो हवाच. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये कॅन्सर उपचारांसाठी 'रेज ऑफ होप' हा उपक्रम सुरू केला, त्यातही यंत्रांइतकाच भर माणसं घडवण्यावर आहे. ते उगाच नाही. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं भाभाट्रॉन, म्हणजे कोबाल्टच्या किरणांनी शेक देणारं यंत्र, परदेशांतही गेलंय, पण कोबाल्टची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते. कोबाल्टचा नवा सोर्स आला नाही तर तोच डोस द्यायला दुप्पट वेळ लागतो, आणि फिजिसिस्ट नसेल तर यंत्राची शोभाच.

इतक्या आठवड्यांना एक अपवाद आहे: हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या दुखण्याला ८ ग्रेचा (ग्रे म्हणजे डोस मोजायचं एकक) एकच शेक बहुधा पुरतो, एका दिवसाचं काम. पण त्यालाही यंत्रापर्यंत यावंच लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी फोन आला की डॉक्टरांनी 'येतो' जरूर म्हणावं, पण आधी विचारावं: "गाठ सापडली तर सोमवारी त्या बाईला नाशिकच्या एसटीत कोण बसवणार? आणि पाच आठवडे ती इथे राहणार कुठे?"